टॉवेल-टोपी घेऊन इमाबारीला

जपानला निघायच्या आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ माहेरच्या नरखेडहून एसटीनं आला, नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरी चहा प्यायला आणि माझ्या उघड्या बॅगेत त्यानं एक टॉवेल आणि एक पांढरी टोपी ठेवली.

“हे काहून?” मी विचारलं.

“पोरीचा मान राहून गेला होता, ताई. तू चाललीच आहेस तर देऊन टाक. तिचा राग जाईन अन् माह्या डोक्यावरचं ओझं उतरन.”

मी निघाले होते इमाबारीला. जपानमधलं हे समुद्राकाठचं शहर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, एक सायकली आणि दुसरं टॉवेल. माझी मुलगी तिथल्या एका टॉवेलच्या गिरणीतच नोकरी करते. तिथे नागपूरहून टॉवेल न्यायचा म्हणजे मुंबईच्या पाहुण्यानं आमच्यासाठी संत्री आणावीत, तसलंच. पण भावाशी वाद घालायला अंगात काहीतरी असावं लागतं. माझ्या अंगात तेव्हा काही नव्हतं. मी बॅगेची चेन ओढली.

हा टॉवेल कुठून उपटला ते सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेला की ज्यानं अग्नी दिला त्याच्या खांद्यावर तेरवीला मामाकडचे लोक टॉवेल टाकतात आणि डोक्यावर टोपी ठेवतात. म्हणजे दुःख झालं तेवढं पुरे, आता ऊठ आणि कामाला लाग. माझा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. आम्हाला एकच मुलगी. दवाखान्यात असतानाच तो सगळ्यांसमोर बोलून गेला होता, “आगी मले पोरगीच देईन. बाकीच्यांनी मधात पडू नका.” त्यामुळे कोणी मधात पडलं नाही. मुलगी रजा काढून आलेलीच होती. तिनं अग्नी दिला, दिवस केले. तेरवीला माझा भाऊ रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिथे त्याचं घोडं अडलं. पोरीच्या डोक्यावर टोपी ठेवायची कशी? त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या मागे बसलेल्या माझ्या पुतण्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून, त्याला टोपी घालून तो मोकळा झाला. पुतण्याही टोपी सरळ करून बसला. मुलगी समोरच्या समईकडे पाहत राहिली.

त्या तेरा दिवसांतलं मला नीट आठवतं ते एवढंच. बाकी भाड्यानं आणलेल्या स्टीलच्या ग्लासांचा खणखणाट, दारातल्या चपलांचा ढीग, आणि कोणीतरी सारखं माझ्या हातात चहा देत होतं.

मुलगी परत गेली ती गेलीच. फोन यायचा, पण बोलणं हवापाण्याचं. तिकडे पाऊस आहे का, इकडे ऊन आहे का, गोळ्या घेतल्या का. वर्ष भरत आलं तशी नात्यात बरसीची कुजबुज सुरू झाली. घरी पूजा, रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर पिंडदान, मग जेवण. हे करणार कोण? ज्यानं अग्नी दिला त्यानं करायचं, हे सगळ्यांना माहीत. मी मुलीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, “बघू.” पुन्हा विचारलं तर पुन्हा “बघू.” भाऊ म्हणाला, “रुसली असन. नाही आली तर तुहा पुतण्या आहेच.” पुतण्या आहेच, हे मला नको होतं. नवऱ्याची तेवढी एकच इच्छा मला माहीत होती आणि ती अर्धीच झाली असती. शिवाय ती या वेळी आली नाही तर पुढेही येणार नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल मला शिल्लक होती. म्हणून मी तिला आणायला निघाले.

निघाले म्हणजे काय, तिकिटापासून सगळं लोकांनी केलं, मी नुसती विमानात बसले. मला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. सदरमधल्या ज्या कचेरीत मी उभी हयात घालवली, तिथल्या जुन्या मैत्रिणी भेटायला यायच्या आणि जाताना एकमेकींना सांगायच्या, किती धीराची बाई आहे. धीराची कुठली, बधिर झाले होते. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग. मी रडले नव्हते. भाजीत मीठ पडलं नाही तर मला कळायचं नाही. नवऱ्याचा फोटो मी पुसायचे, तशी बाजूची खिडकीही पुसायचे.

विमानं, मग आगगाडी, मग आणखी एक आगगाडी. इमाबारीच्या स्टेशनवर मुलगी घ्यायला आली होती. तिथल्या तिथे वाकून ती पाया पडली, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, “बारीक झालीस.” मी म्हटलं, “तू पण.” एवढ्यावर आमची भेट आटोपली.

गाव शांत. एका बाजूला जहाजं बांधायच्या कारखान्यांच्या उंच क्रेन, दुसऱ्या बाजूला एक जुना किल्ला. किल्ल्याच्या खंदकात समुद्राचं पाणी येतं आणि त्यात समुद्रातले मासे फिरतात. मुलीनं मला किल्ला दाखवला, मी म्हटलं, छान आहे. मासे दाखवले, मी म्हटलं, छान आहे. तिनं डाळ-भात केला, तोही छान आहे. आयुष्यभर मी नावं ठेवण्यात पटाईत. लग्नातल्या जेवणापासून शेजारणीच्या पडद्यांपर्यंत माझ्या तावडीतून काही सुटलं नाही. मुलगी माझ्याकडे एकदोनदा बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बॅगेतून भावाचा टॉवेल आणि टोपी काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. “मामानं पाठवलं. तुह्या मानाचं.”

तिनं टोपीकडे पाहिलं. मग टॉवेल उचलला, बोटांत चोळला, उजेडात धरला. गिरणीत तिचं कामच ते, माल तपासायचं. तिनं कात्री आणली आणि मी काही म्हणायच्या आत टॉवेलचा एक कोपरा कापला. मानाचा टॉवेल कापताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं वाडग्यात पाणी घेतलं आणि तो तुकडा अलगद पाण्यावर सोडला. चांगला टॉवेल असेल तर पाणी पिऊन लगेच बुडायला हवा, असं तिनं सांगितलं. आम्ही दोघी वाडग्यात डोकावून बसलो. तुकडा बुडायचं नाव घेईना.

“मामाचा टॉवेल पोहून राहिला,” ती म्हणाली.

“खळ असते नव्या टॉवेलले,” मी माहेरची बाजू घेतली. “दोन धुण्यात बुडन.”

ती हसली. टोपी डोक्यावर घालून ती भांडी घासायला उभी राहिली. चांगली दिसत होती, एखाद्या पंगतीतल्या आचाऱ्यासारखी. मला वाटलं, चला, झालं काम. भाऊ दिसतो तेवढा भोळा नाही. त्याच ओघात मी विचारलं, “मंग बरसीले येशील ना?”

“नाही, आई,” ती म्हणाली. टोपी डोक्यावर, हात साबणात, मान वर केली नाही. “बघू म्हणत होती ते तुले वाईट वाटू नये म्हणून. मी येत नाही.”

काहून, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, वाईट काही वाटेना. भावाचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं की टॉवेल दिला, पोरगी येत नाही. तो म्हणाला, “साडी पाठवाले पायजे होती काय?”

पुढच्या दिवशी ती मला टॉवेलच्या दुकानात घेऊन गेली. एवढ्या दूर आलेच होते तर नात्यात वाटायला काही घ्यावं म्हणून मी चार पांढरे टॉवेल बाजूला काढले. हात लावला की पिठात हात घातल्यासारखं वाटावं, इतके मऊ. गल्ल्यावरच्या मुलीनं वाकून काहीतरी विचारलं. माझी मुलगी म्हणाली, “ती विचारून राहिली, आनंदाचं आहे की दुःखाचं? त्याप्रमाणे कागद बांधतात.”

मी टॉवेलवरून हात फिरवत राहिले. मागे दोन बायका उभ्या होत्या, त्यांनीही घाई केली नाही. शेवटी मी म्हटलं, “सांग तिले, साधंच बांध.”

बाहेर आल्यावर मुलीनं सांगितलं की तिनंही याच दुकानातून टॉवेल घेतले होते, परत आल्यावर. तिच्या बाबाचं कळल्यावर गिरणीतल्या लोकांनी तिला पाकिटं दिली होती. इथे आपल्या उलटं असतं. दुःखाच्या घरी लोक पाकीट देतात आणि मग ज्याचं माणूस गेलं तोच त्यांना टॉवेल पाठवतो. वरच्या कागदावर दुःख करणाऱ्याचं नाव असतं. “माहं होतं,” ती म्हणाली. मी म्हटलं, छान आहे. म्हटल्यावर माझं मलाच ते विचित्र ऐकू आलं, पण तोवर ती पुढे निघून गेली होती.

माझ्या परतीच्या आधीच्या सुट्टीला तिनं दोन सायकली भाड्यानं घेतल्या. इमाबारीहून समुद्रावरून पूल निघतात, या बेटावरून त्या बेटावर, आणि त्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी वाट केलेली आहे. जगभरातून लोक तिथे सायकल चालवायला येतात. मी कॉलेजात असताना सायकल चालवली होती, मग मोपेड आली. माझ्या सायकलीला बॅटरी होती, चढावर ती आपोआप जोर लावायची. पंजाबी ड्रेस, स्वेटर आणि डोक्याला हेल्मेट अशा अवतारात रस्त्याच्या कडेची निळी रेघ धरून मी मुलीच्या मागे निघाले. पूल चढायलाच गोल गोल वळसे होते. वर गेल्यावर खाली इतक्या खोलवर पाणी दिसलं की नेहमीची मी असते तर तिथेच उतरून राम राम म्हटला असता. पाण्याला भोवरे पडत होते, मोठमोठी जहाजं खालून जात होती. मला भीती वाटली नाही. मी पायडल मारत राहिले.

पलीकडच्या बेटावर उतरलो तर डोंगरभर संत्र्याच्या बागा, फळांनी लगडलेल्या. रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर संत्र्यांच्या पिशव्या मांडलेल्या, बाजूला पैसे टाकायला डबा, राखायला कोणी नाही. मुलीनं पैसे टाकून एक पिशवी घेतली. समुद्राच्या काठाला दगडी कट्टा होता, तिथे सायकली उभ्या करून आम्ही बसलो. तिनं एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. मी एक फोड खाल्ली.

“छान आहे,” मी म्हटलं.

तिनं हातातलं साल खाली ठेवलं. “आई, तू नरखेडची आहेस, संत्र्याच्या गावची. तू जन्मात कधी दुसऱ्याच्या संत्र्याले छान म्हटलं? हे नुसतं गोड आहे, आंबटपणा नावाला नाही. नावं ठेव ना काही तरी.”

“मले लागूनच नाही राहिलं वं काही,” मी म्हटलं. “गोड बी नाही, आंबट बी नाही.”

“कधीपासून?”

“तुहा बाबा गेला तेव्हापासून.”

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मग आता बोललेच आहे तर सगळंच बोलून टाकावं म्हणून मी विचारलं, “तू बरसीले काहून नाही येत? मामानं टोपी त्या पोराले घातली, त्याचा राग आहे अजून?”

“टोपीचा?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू अन् मामा वर्षभर ती टोपी धरून बसले?”

“मंग कशाचा?”

तिनं सालीचे तुकडे एका जागी गोळा केले. मग समुद्राकडे बघत म्हणाली, “मी घाटावरून आली तर बायकांनी माह्या अंगावर पाणी घातलं, अन् मधल्या खोलीत निजवलं. माणसं बाहेर खुर्च्या टाकून बसली होती. जे घाटावर आले होते ते सगळे तिथं बोलून राहिले होते, लाकडं ओली होती, वारा कुठला होता, कोण उशिरा आलं. मी आतून ऐकून राहिली. त्यांच्यात जाऊन कशी बसू? अन् आत तुम्ही सगळ्या होत्या, पण तुम्ही कोणी घाटावर नव्हत्या. मले कोणीच काही विचारलं नाही, आई. तेव्हा नाही, मंग नाही, फोनवर नाही. तू रोज विचारते पाऊस आहे का. इथं माह्या बाजूच्या टेबलावरची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, अग्नी देताना तुझ्यासोबत घरचं कोण होतं? मी म्हटलं, कोणीच नाही. तिले वाटलं मले जपानी बोलता येत नाही. तिनं तेच पुन्हा सावकाश विचारलं.”

मी तिच्या हातातली संत्र्याची पिशवी घेऊन बाजूला ठेवली.

“बरसीले येऊन काय करू?” ती म्हणाली. “करायचं मी, अन् मंग आत येऊन गप निजायचं. एकदा केलं तेवढं पुरे.”

“मले सांग,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“घाटावरचं. घरातून नेलं तेव्हापासून. मी नव्हती ना तिथं.”

आधी तिला जमेना. मग एकदा सुरू झाल्यावर थांबेना. रस्त्यात चौकात सिग्नल लागला तर गाडी थांबली आणि बाजूच्या रिक्षावाल्यानं हात जोडले. पाण्याचं मडकं तिच्या खांद्यावर राहीना म्हणून एका म्हाताऱ्यानं मागून हात लावला, तो कोण होता ते तिला अजून माहीत नाही. प्रत्येकजण तिला सांगायचा, घाबरू नको, घाबरू नको, म्हणून ती घाबरली. सगळं लाकडांनी झाकलं होतं, पण पाय उघडे होते. दोन्ही अंगठे सुतानं बांधले होते.

“दवाखान्यात मी बाबाची नखं कापली होती,” ती म्हणाली. “उजव्या अंगठ्याचं राहिलं. तेवढ्यात नर्स आली, अन् मी म्हटलं उद्या कापीन. घाटावर मले तेच दिसलं. मोठं नख. सगळे म्हणून राहिले, लाव, आगी लाव. मी त्या नखाकडं पाहून राहिली. कोणाले म्हणू, थांबा, याचं एक नख कापाचं आहे?”

त्या अंगठ्याच्या नखानं माझ्या किती चादरी फाडल्या त्याची गणती नाही. जन्मभर मी त्या माणसाच्या मागे नेलकटर घेऊन फिरले आणि तो म्हणायचा, वाघाची नखं कापतात का. मी त्याला झोपेत लाथ मारून पलीकडे सरकवलं आहे त्या नखापायी. मुलगी सांगत होती आणि मला तो अंगठा दिसला, जाड, पिवळट, कडेनं तुटका, सुतानं बांधलेला. मग बाकीचा तोही दिसला. तो तिथे लाकडांत झोपला होता आणि उठणार नव्हता. माझ्या घशातून एक आवाज निघाला, तो माझा आहे हे मला जरा उशिरा कळलं. मी रडले, आणि रडताना मला दुखलं, छातीत, पाठीत, जिथे जिथे माणूस असतं तिथे सगळीकडे. सगळ्या नात्यानं त्याला पोचवून वर्ष होत आलं होतं. माझा नवरा त्या दिवशी गेला, त्या कट्ट्यावर.

मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. सायकलवाले रस्त्यानं जात होते, कोणी थांबलं नाही, हे त्या लोकांचं बरं आहे. बऱ्याच वेळानं ती उठून बसली, नाक पुसलं. वारा सुटला होता आणि मला चांगलीच थंडी वाजत होती.

“अंबाळ्याले या बारीनं मी येते,” मी म्हटलं. “पाण्यापाशी तुह्या बाजूले बसते. पण तू ये.”

तिनं मान डोलावली. “येते.” मग म्हणाली, “पण आपल्यात बायका नाही जात ना, आई, असल्या कामाले.”

“मंग तू कोण होती?” मी म्हटलं.